एका वाड्यातील पाच बिऱ्हाडे

स्मरणिकेसाठी लेख मागण्यास संपादक मंडळातील मित्र घरी आले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे लसीकरण, बालकांचा आहार किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखाद्या विषयावर लिहीन, अशी त्यांची अपेक्षा होती. 'यंदा सर्व्हरविषयी लिहितो' असे मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने दहा वर्षांपूर्वी मी स्वतः संगणकाच्या माणसांकडे पाहत असे. डॉक्टरांनी औषध द्यावे आणि यंत्राचे यंत्रवाल्यांनी पाहावे, असे माझेही मत होते. ते मत मला का बदलावे लागले आणि लहान रुग्णालय चालवणाऱ्या आपल्यातील प्रत्येकाने ते का बदलावे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करणे योग्य ठरेल. माझे रुग्णालय लहान आहे, पंधरा खाटांचे. २०१६ साली आम्ही केसपेपर, लसीकरणाच्या नोंदी आणि बिले संगणकावर आणली. स्वागतकक्षातील टेबलाखाली एक संगणक ठेवला होता आणि त्यालाच आम्ही मोठ्या अभिमानाने 'सर्व्हर' म्हणत असू. रात्री घरी बसून दाखल बालकांचे रिपोर्ट पाहता यावेत, ही माझी इच्छा. ती मी बोलून दाखवताच देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाने पाच मिनिटांत राउटरमध्ये एक दार उघडून दिले. रिमोट डेस्कटॉप नावाची ती सोय थेट इंटरनेटच्या रस्त्यावर उघडत होती. पासवर्ड काय होता? रुग्णालयाचे नाव आणि पुढे साल. तो मीच सुचवला होता, कारण तो मला लक्षात राहत होता. चोरालाही तो सहज सुचेल, हा विचार त्या वेळी मनाला शिवला नाही.

२०१९ च्या प्रारंभी एका सोमवारी सकाळी स्वागतिकेचा फोन आला. संगणकातील सर्व फाइलींची नावे विचित्र झाली होती आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी होती. रक्कम बिटकॉइनमध्ये भरा, अन्यथा नोंदी विसरा, असा तिचा मथितार्थ. 'बॅकअप आहे ना?' असे मी विचारले. होता. परंतु बॅकअपची हार्ड डिस्क त्याच संगणकाला कायमची जोडलेली होती, त्यामुळे मूळ नोंदींबरोबर तिच्यावरील प्रतीही कुलूपबंद झाल्या होत्या. खंडणी मी भरली नाही. सात महिन्यांपूर्वी लेखापरीक्षकाकडे हिशेबासाठी एक संपूर्ण प्रत गेली होती, ती त्यांच्या कपाटात सापडली. तेवढे परत मिळाले, मधले सात महिने मात्र कायमचे गेले.

सात महिने म्हणजे काय, हे त्याच आठवड्यात कळले. नेफ्रोटिक सिंड्रोमचा एक सहा वर्षांचा मुलगा आईसोबत आला. त्याचा आजार वारंवार उलटत असे आणि प्रेडनिसोलोनची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करत आणली होती. कोणत्या तारखेपासून किती मिलिग्रॅम, दिवसाआड केव्हा सुरू केले, शेवटचा उलटा केव्हा आला, हे सर्व त्या हरवलेल्या महिन्यांत होते. दीर्घकाळ दिलेले स्टेरॉइड अंदाजाने वरखाली करता येत नाही, हे वैद्यकीय वाचकांना सांगायला नको. मी ओशाळून त्या माउलीला वस्तुस्थिती सांगितली. तिने पिशवीतून शाळेची शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. रोज सकाळी लघवीतील प्रथिनांची तपासणी करून तिचे उत्तर आणि दिलेली गोळी, असे दोन रकाने तिने एकही दिवस न चुकवता भरले होते. अशी वही ठेवण्यास मीच तिला सांगितले होते. माझ्या लाखभर रुपयांच्या यंत्रणेने जे गमावले, ते तिच्या वहीने जपले होते.

त्या वहीने मला जे शिकवले, ते पुढे संगणकशास्त्राच्या भाषेत वेगळ्या शब्दांत भेटले. नोंदीची दुसरी प्रत हवी, ती दुसऱ्या ठिकाणी हवी, दुसऱ्याच्या हातात हवी आणि मूळ यंत्राशी तिचा कायमचा संबंध नको. बाकी सारे तंत्र या चार वाक्यांच्या सेवेसाठी आहे.

अशा हल्ल्यांतून मोठमोठ्या संस्थाही सुटलेल्या नाहीत. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या विषाणूने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील सर्व्हर अशाच हल्ल्याने बंद पडले आणि बरेच दिवस तेथील काम हाताने, कागदावर चालवावे लागले. तेव्हा 'आपल्या लहानशा दवाखान्याकडे कोण पाहतो' हा भ्रम प्रथम सोडला पाहिजे. चोराचा प्रोग्रॅम माणसाला पाहून येत नाही. जे दार उघडे दिसेल त्यात तो शिरतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. २०२० च्या टाळेबंदीत बाह्यरुग्ण विभाग ओस पडला होता. त्या मोकळ्या महिन्यांत मी एका होतकरू तंत्रज्ञाच्या मदतीने व्हर्च्युअलायझेशनचा सर्व्हर उभा केला. हा शब्द जड आहे, म्हणून आपल्या ओळखीच्या वस्तूवरून समजावून घेऊ. आपल्या वडोदऱ्यातील दांडिया बाजारातील जुने वाडे ज्येष्ठ वाचकांना आठवत असतील. जोते एक, बाहेरच्या भिंती एक, पाण्याची सोय एक, परंतु आत चार-पाच बिऱ्हाडे. प्रत्येकाची चूल वेगळी, दाराला कुलूप वेगळे. एका बिऱ्हाडात भांडण झाले वा आजारपण आले, तरी शेजारच्याची भाकरी थांबत नसे. कोणाला किती खोल्या द्यायच्या आणि पाणी किती वेळ सोडायचे, हे वाड्याचा कारभारी ठरवी. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे नेमके हेच. एका भक्कम यंत्रात अनेक स्वतंत्र संगणक नांदतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि कारभाऱ्याला हायपरव्हायझर म्हणतात. प्रत्येक मशीनला वाटते की सारा वाडा आपलाच आहे.

ही कल्पना नवी नाही. यंत्रे अतिशय महाग होती त्या काळात, १९६० च्या दशकात, आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात एकाच मोठ्या संगणकातून अनेकांना स्वतंत्र संगणकाचा भास देणारी प्रणाली तयार झाली आणि १९७२ साली 'व्हीएम/३७०' या नावाने ती बाजारात आली. साध्या संगणकांच्या जगात ते काम व्हीएमवेअर कंपनीने १९९९ पासून आणले. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम या नावाने ही सोय अंतर्भूत झाली. तिच्यावर आधारलेली, व्हिएन्ना येथील कंपनीची 'प्रॉक्समॉक्स' ही मुक्तस्रोत प्रणाली २००८ पासून उपलब्ध आहे. मी तीच वापरतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची पद्धत तेथे बंद झाली आणि वर्गणीची पद्धत आली. मोठ्या संस्थांना ते परवडेल. आपल्यासारख्यांनी जागा भाड्याची की मालकीची, याचा विचार आधीच केलेला बरा.

माझ्या वाड्यात पाच बिऱ्हाडे आहेत. पहिल्यात रुग्णालयाचा मुख्य प्रोग्रॅम आणि त्याच्या नोंदी. दुसऱ्यात एक्स-रेच्या प्रतिमा. तिसऱ्यात जमाखर्च. चौथे बिऱ्हाड एका वृद्धाचे आहे. आमच्या रक्ततपासणीच्या यंत्राबरोबर आलेला प्रोग्रॅम केवळ विंडोज ७ वर चालतो. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. यंत्र उत्तम चालते आहे, ते टाकून द्यायचे कशाला? म्हणून तो जुना संगणक आहे तसा उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवला आणि त्याचे इंटरनेट पूर्ण तोडले. बाहेरच्या संसर्गापासून जपावयाच्या रुग्णाला आपण वेगळ्या खोलीत ठेवतो, तसेच हे. तो फक्त मुख्य प्रोग्रॅमला रिपोर्ट देतो, अन्य कोणाशी बोलत नाही.

पाचवे बिऱ्हाड रिकामे असते आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअपची प्रत तेथे उतरवून मुख्य प्रोग्रॅम सुरू होतो का, कालची नोंद दिसते का, हे पाहतो. पहिल्याच तालमीत एक्स-रेच्या प्रतिमा कोठेच दिसेनात. शोध घेता कळले, की बॅकअप रोज रात्री बिनचूक होत होता, 'यशस्वी' असा संदेशही रोज येत होता, परंतु प्रतिमांची डिस्क त्या यादीत घालण्याचेच राहून गेले होते. ज्याची पुनर्स्थापना करून पाहिली नाही तो बॅकअप म्हणजे समजूत होय. बॅकअप आहे का, असे आपण तंत्रज्ञाला विचारतो. त्याऐवजी 'कालची नोंद आज मला परत आणून दाखव' असे म्हणावे.

येथे दोन गैरसमज दूर करतो. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आरशासारख्या जोडतात, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. हे आवश्यकच आहे, पण तो बॅकअप नव्हे. एकीवर चुकून पुसलेले दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते. त्याचप्रमाणे 'स्नॅपशॉट' म्हणजे मशीनची त्या क्षणाची अवस्था गोठवून ठेवणे. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकण्यापूर्वी ते घ्यावे आणि काही बिघडल्यास मागे जावे. परंतु ते त्याच डिस्कवर असते. वाडाच जळाला तर माळ्यावरची पेटी कशी वाचणार?

आता दूरस्थ व्यवस्थापनाविषयी. दुधाने तोंड पोळल्यामुळे मी ताकही फुंकून प्यायलो. आज इंटरनेटच्या रस्त्यावर माझ्या रुग्णालयाचे एकही दार उघडत नाही. आत जाण्याचा मार्ग एकच, व्हीपीएन, म्हणजे दोन टोकांमधील कुलूपबंद भुयार. ज्याच्या फोनमध्ये वा लॅपटॉपमध्ये त्या भुयाराची किल्ली आहे, त्यालाच प्रवेश. त्यानंतर पासवर्ड आणि दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा अंकी आकडा. एक अडचण अनेकांना येते, ती म्हणजे आपल्या ब्रॉडबँडला बहुधा स्वतःचा स्वतंत्र पत्ता नसतो, अनेक ग्राहक एकाच पत्त्यावर असतात, त्यामुळे बाहेरून आपले घर सापडत नाही. यावर उपाय असा की एक अगदी लहान सर्व्हर भाड्याने घ्यायचा. रुग्णालयातून तेथे जोडणी केली जाते, मीही घरून तेथे जोडणी करतो आणि देवळाच्या पारावर दोघांची भेट होते. नोंदी तेथे साठत नाहीत, तेथून पुढे जातात एवढेच.

आत गेल्यावर तीन पातळ्यांवर काम करता येते. पहिली, एखाद्या मशीनमधील प्रोग्रॅम वापरणे. दुसरी, कारभाऱ्याच्या ओसरीवर जाणे, म्हणजे ब्राउझरमधून सर्व मशीनांची नाडी पाहणे, एखादी अडली तर तिचा पडदा घरबसल्या पाहून ती पुन्हा सुरू करणे. एखादी विंडोज सुरूच होत नसेल तरी तिचा पडदा दिसतो, हा मोठा लाभ. तिसरी पातळी खुद्द यंत्राची. चांगल्या सर्व्हरमध्ये एक छोटा स्वतंत्र संगणक असतो, तो मुख्य यंत्र बंद असतानाही जागा राहतो आणि त्याच्याद्वारे दुरून वीज चालू-बंद करता येते. ही तिसरी किल्ली सर्वांत घातक, म्हणून ती माझ्याशिवाय एकाच व्यक्तीकडे आहे.

या व्यवस्थेची खरी परीक्षा पुराने घेतली. ३१ जुलै २०१९ रोजी वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला, तेव्हा आमच्या तळमजल्यावर घोटाभर पाणी आले होते. त्यापासून धडा घेऊन नवा सर्व्हर पहिल्या मजल्यावर ठेवला. पुढे २६ ऑगस्ट २०२४ रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुसळधार पाऊस सुरू झाला आणि विश्वामित्रीने पात्र सोडले. रस्त्यांवरून पाणी वाहत होते आणि वस्त्यांत मगरी दिसल्याच्या वार्ता येत होत्या. मी घरी अडकलो. रुग्णालयात पाच बालके, त्यांतील दोन नवजात, एक निवासी डॉक्टर आणि दोन परिचारिका. आमच्या भागातील वीज गेली आणि तळमजल्यावरील जनरेटर पाण्याखाली गेला. उरला तो पहिल्या मजल्यावरील इन्व्हर्टर.

मी घरून फोनवर सर्व्हर पाहू शकत होतो. राउटर त्याच इन्व्हर्टरवर होता आणि मोबाइलच्या जाळ्यावर चालणारी दुसरी जोडणी शाबूत होती. पाचही बालकांचे उपचारपत्रक, वजने, औषधांच्या मात्रा, शेवटचे रिपोर्ट समोर होते. परंतु इन्व्हर्टरवर काय चालवायचे, हा प्रश्न होता. सलाईनचे पंप आणि काविळीच्या बाळाचा फोटोथेरपीचा दिवा चालू ठेवणे आवश्यक होते. वॉर्मर इन्व्हर्टरवर चालणे शक्यच नव्हते, म्हणून दुसऱ्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवले. राहिला सर्व्हर. तोही वीज खात होता.

मग आम्ही असे केले. मी घरून एकेका बालकाच्या औषधांच्या मात्रा वाचून दाखवल्या, सिस्टरने त्या कागदावर उतरवल्या आणि उलट वाचून दाखवल्या. पाच कागद पाच खाटांच्या उशाशी लागले. नंतर मी पाचही बिऱ्हाडांचे दिवे क्रमाने मालवले, आधी जमाखर्च, मग एक्स-रे, मग प्रयोगशाळा, शेवटी मुख्य नोंदी, आणि अखेरीस सर्व्हरच बंद केला. पंप आणि दिवा पुढे किती तास चालले, याचे गणित मी त्या रात्री वारंवार केले. दुसऱ्या दिवशी दुपारी वाहनाची सोय होऊन बालके उंच भागातील एका सहकाऱ्याच्या रुग्णालयात हलवण्यात आली. सर्व सुखरूप आहेत. पाणी उतरल्यावर तळमजल्यावरील जुन्या कागदी केसपेपरांचा लगदा आम्ही घमेल्यांनी बाहेर काढला. वीज आल्यावर सर्व्हर मात्र मी घरूनच सुरू केला आणि २६ ऑगस्टच्या शेवटच्या नोंदीसह सर्व जसेच्या तसे मिळाले.

दूरस्थ व्यवस्थापनाचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग म्हणजे योग्य वेळी यंत्र व्यवस्थित बंद करता येणे, हे मी मुद्दाम सांगतो. यंत्राचे स्थान बाळाच्या नंतरचे आहे. ज्याला ते दुरून मालवता येत नाही, त्याने ते दुरून उजळण्याचा हट्ट धरू नये.

या सर्वांवर काही आक्षेप घेतले जातात, ते रास्त आहेत. पहिला आक्षेप असा, की क्लाउड असताना हा खटाटोप कशाला? ज्यांचे इंटरनेट अखंड आहे आणि ज्यांचा करार नीट वाचलेला आहे, त्यांनी क्लाउड अवश्य वापरावा. परंतु जोडणी तुटल्यावर नोंदी कशा मिळतील आणि पुरवठादार सोडायचा झाल्यास त्या कोणत्या स्वरूपात परत मिळतील, या दोन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. दुसरा आक्षेप खर्चाचा. माझा सर्व्हर आमच्या रक्ततपासणीच्या यंत्राहून स्वस्त पडला. तिसरा आक्षेप मला गंभीर वाटतो. सर्व भार एकाच खांबावर आला, तो खांब मोडला तर? हे खरे आहे. म्हणूनच बाहेरच्या प्रतीशिवाय व्हर्च्युअलायझेशन करू नये, ते न केलेले बरे.

चौथा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. घरी बसून आकडे दिसू लागले की डॉक्टर आळशी होतो. रक्तातील ऑक्सिजनचा आकडा उत्तम असलेले बाळ मलूल असू शकते आणि ते आईच्या चेहऱ्यावर आधी दिसते, पडद्यावर नंतर. घरून नोंद पाहून मी औषध बदलले, अशा दोन प्रसंगी सकाळी बाळाला पाहिल्यावर मला माझाच निर्णय फिरवावा लागला. तेव्हापासून नियम केला आहे, की दुरून यंत्र सांभाळायचे, बाळ जवळ जाऊनच पाहायचे.

गोपनीयतेचा विचारही येथेच केला पाहिजे. रुग्णालयात कपाटाला कुलूप लावणारे आपण घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा टाकून उठतो. पडद्यावर कोणाच्या तरी लेकराचे निदान असते. देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांना आपण कायमची किल्ली देतो, त्यांच्यातील माणसे बदलतात, किल्ली मात्र तीच फिरत राहते. माझ्याकडे आता प्रत्येकाचे वेगळे नाव, वेगळी किल्ली. तंत्रज्ञाचे काम असेल तेव्हा दार उघडायचे, काम संपताच लावायचे. कोण केव्हा आत आला, याची नोंद दर आठवड्याला पाहायची. आणि एक बंद लखोटा, ज्यात सर्व किल्ल्या आहेत, तो पत्नीकडे आणि एका सहकाऱ्याकडे ठेवला आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे करावेच. आपल्या पश्चात आपल्या रुग्णांच्या नोंदी कुलूपबंद राहणे हाही एक प्रकारचा निष्काळजीपणाच होय.

कायद्याचे बंधनही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. आम्हा बालरोगतज्ज्ञांसाठी तीन वर्षे पुरेशी नाहीत. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीची दाव्याची मुदत ती सज्ञान झाल्यावर मोजली जाऊ शकते. आज जन्मलेल्या बाळाची नोंद ते एकवीस वर्षांचे होईपर्यंत सुवाच्य राहिली पाहिजे, असे धरून चालणे शहाणपणाचे. एकवीस वर्षांत किती संगणक बदलतील, याचा हिशेब करून पाहावा. व्हर्च्युअल मशीनचा गुण हा, की यंत्र जुने झाले तर बिऱ्हाड जसेच्या तसे नव्या वाड्यात हलवता येते. त्यात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला आहे. आपल्याकडील माहितीची राखण वाजवी काळजीने करणे ही त्याची मुख्य अपेक्षा आहे, आणि 'आमच्या तंत्रज्ञाला माहीत' हे उत्तर तिला पुरे पडणार नाही.

शेवटी आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्यापैकी अनेकांची रुग्णालये दहा-वीस खाटांची आहेत. प्रत्येकाने स्वतंत्र जाणकार माणूस नेमणे परवडणारे नाही. परंतु पाच-सहा जणांनी मिळून एक विश्वासू तंत्रज्ञ नेमता येईल. त्याहून महत्त्वाचे, आपण एकमेकांचे बॅकअप सांभाळू शकतो. माझी रात्रीची प्रत, माझ्याच किल्लीने कुलूपबंद करून, विश्वामित्रीच्या पलीकडच्या तीरावरील सहकाऱ्याच्या रुग्णालयात जाईल आणि त्याची माझ्याकडे येईल. मला त्याचे वाचता येणार नाही, त्याला माझे वाचता येणार नाही, पण दोन्ही तीर एकाच वेळी बुडाले नाहीत तर दोघांच्याही नोंदी राहतील. पुरात ज्या सहकाऱ्याने माझी बालके आपल्या वॉर्डात घेतली, त्याच्याशी मी ही अदलाबदल गेल्या वर्षापासून करतो आहे. आणखी चार-पाच जण आले, तर वर्षातून एक रविवार सर्वांनी एकत्र बसून पुनर्स्थापनेची तालीम करता येईल. कोणाला पहिल्या तालमीत लाज वाटण्याचे कारण नाही, माझ्या एक्स-रेच्या प्रतिमांची कथा वर सांगितलीच आहे.

नेफ्रोटिकचा तो मुलगा आता किशोरवयात आहे, आणि दीर्घकाळ त्याचा आजार उलटलेला नाही. गेल्या खेपेला त्याच्या आईने विचारले, 'डॉक्टर, आता वही बंद करू का? तुमच्या कॉम्प्युटरात तर सगळं असतंच.' मी तिला म्हटले, 'कॉम्प्युटरात आहेच, ताई. पण वही राहू द्या.'